चौदा किलोंचं मौन

संगणकाच्या कॅबिनेटचं रसग्रहण म्हटलं की लोक आधी हसतात. हसू द्यावं. आपल्याकडे असेंबल्ड पीसीच्या यादीत कॅबिनेटची ओळ सगळ्यांत शेवटी येते. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड यांत पैसे संपलेले असतात आणि लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार कोटेशनच्या कागदावर शेवटचा आकडा टाकता टाकता म्हणतो, ‘‘कॅबिनेट काय, कुठलंही टाकू. एसएमपीएस त्याच्यासोबतच येतो.’’ त्या ‘कुठलंही’तून जो पत्र्याचा डबा घरी येतो, तो पुढची पाच-सहा वर्षं टेबलाखाली भणभणत राहतो. मग घरातले सगळे एकमताने ठरवून टाकतात की संगणक म्हटला की एवढा आवाज व्हायचाच.

तसं काही नाही, हे ज्या वस्तूने सर्वांत नीट मांडून दाखवलं ती म्हणजे अँटेक पी-१८०. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या अँटेक कंपनीने हे कॅबिनेट २००५ साली बाजारात आणलं. त्याच्या रचनेत माइक चिन यांचा हात होता. चिन हे मूळचे समीक्षक. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून ते ‘सायलेंट पीसी रिव्ह्यू’ ही वेबसाइट चालवत आणि पंखे, हार्ड डिस्क, वीज पुरवणारा एसएमपीएस हे सगळं आवाज किती आणि कसा या कसोटीवर लावून पाहत. समीक्षकाला ‘मग तुम्हीच लिहून दाखवा की’ असं चिडून सुनावण्याची रीत साहित्यात जुनी आहे. इथे एका उत्पादकाने ते मनापासून म्हटलं आणि समीक्षकानेही मागे न हटता लिहून दाखवलं. अर्थात कारखाना, किंमत आणि अखेरचा शब्द कंपनीचाच.

पहिल्या भेटीत पी-१८० फारसं काही बोलत नाही. ५४ सेंटिमीटर उंच, जवळजवळ तेवढंच खोल, रुंदी मात्र वीस-साडेवीस. समोर एक सपाट चंदेरी दार. बाजूला काच नाही, दिवे नाहीत, बाण किंवा पंजाच्या आकाराच्या नक्ष्या नाहीत. त्या काळातली इतर कॅबिनेटं आठवली तर हा संयमच चकित करतो. उचलायला जावं तेव्हा पहिला धक्का बसतो. रिकामं असताना वजन सुमारे १४ किलो. आत एसएमपीएस, डिस्क आणि प्रोसेसर थंड ठेवणारा हीटसिंक बसला की एकट्याने जिना चढवू नये.

मोठं आणि जड कॅबिनेट शांत असतं, ही समजूत अर्धीच खरी आहे. पोकळी मोठी असली की आपोआप शांतता येते असं नाही. उलट मोठा पातळ पत्रा लहान पत्र्यापेक्षा जास्त घुमतो. मोठेपणाचा खरा उपयोग वेगळाच आहे. मोठ्या जागेत मोठे पंखे बसतात, हवेला वळसे कमी घ्यावे लागतात, आणि तापणाऱ्या वस्तू एकमेकींच्या अंगावर न येता राहतात. पी-१८०मधला प्रत्येक सेंटिमीटर या तीन कामांसाठी खर्च झालेला आहे. त्याची शांतता त्याच्या आराखड्यातून येते. अस्तर, रबर, दार हे सगळं नंतरचं.

हा आराखडा कळायला त्याआधीचं घर कसं होतं ते पाहावं लागतं. इंटेलने १९९५ साली आखून दिलेल्या एटीएक्स मांडणीत एसएमपीएसची जागा पाठीमागे, सर्वांत वर, प्रोसेसरच्या शेजारी होती. मूळ कल्पना अशी की एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत घेऊन प्रोसेसरवर सोडायची. ते काही जमलं नाही. एसएमपीएसच्या पोटातून तापून आलेली हवा प्रोसेसरवर सोडण्यात शहाणपण नव्हतं. म्हणून पंख्याची दिशा उलटी केली गेली. आता एसएमपीएस आतली गरम हवा खेचून बाहेर टाकू लागला. म्हणजे प्रोसेसरने तापवलेली, ग्राफिक्स कार्डाने तापवलेली, डिस्कांनी तापवलेली सगळी हवा शेवटी याच्या नाकातून जायची. एसएमपीएसचा पंखा तापमान पाहून वेग वाढवतो. त्यामुळे काम दुसऱ्यांचं आणि धाप याला. २००४ साली पेंटियम ४चा ‘प्रेस्कॉट’ आला आणि त्याच्या वरच्या आवृत्त्या ११५ वॅटपर्यंत उष्णता टाकू लागल्या, तेव्हा तर या मांडणीचा कडेलोट झाला. इंटेलचा त्यावरचा तोडगा म्हणजे बाजूच्या पत्र्याला प्रोसेसरसमोर भोक पाडायचं आणि त्यातून प्लॅस्टिकचं नळकांडं आत सोडायचं. प्रोसेसरच्या पंख्याला ३८ अंशांच्या आतली हवा मिळावी हा हेतू. हवा मिळाली, पण पंख्याचा आवाज त्याच नळकांड्यातून कर्ण्यासारखा थेट माणसाच्या कानाकडे येऊ लागला.

पी-१८०ने बाजूचा पत्रा कोरा ठेवला. एकही भोक नाही. आणि एसएमपीएस उचलून तळाला नेला.

बाजूचं पान काढून आत पाहिलं की रचना एका नजरेत कळते. तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर आडवी फळी आहे आणि तिने कॅबिनेटचे दोन कप्पे केले आहेत. वरच्या कप्प्यात मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड. खालच्या कप्प्यात पुढे चार हार्ड डिस्कांचा पिंजरा, मधे १२० मिलिमीटरचा एक पंखा, मागे एसएमपीएस. खालची हवा समोरच्या जाळीतून येते, डिस्कांच्या अंगावरून जाते, एसएमपीएसमधून बाहेर पडते. वाटेत तिला प्रोसेसर भेटतच नाही. एका डिस्कची उष्णता आठ-दहा वॅट धरली तरी चौघींची मिळून चाळीसच होते, त्यामुळे एसएमपीएसच्या तोंडाशी येणारी हवा जवळपास खोलीइतकीच थंड असते. त्याचा पंखा सर्वांत खालच्या वेगावर राहतो आणि वर जाण्याचं त्याला कारण उरत नाही. एसएमपीएस तोच, पंखा तोच. जागा बदलल्याबरोबर तो गप्प झाला. मला या कॅबिनेटमधला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो.

दोन कप्प्यांमधून तारा जाव्यात म्हणून फळीत एक खिडकी ठेवली आहे आणि ती झाकायला सरकती प्लॅस्टिकची पट्टी दिली आहे. तारा ओढून झाल्या की पट्टी सरकवून फट जेमतेम तारांपुरती ठेवायची. वरची ऊन हवा खाली झिरपू नये, एवढ्यासाठी केलेली ही तजवीज. बहुतेकांच्या ती लक्षातही येत नाही, आणि घाईने जोडणी करणारा ती पट्टी डब्यातच विसरतो. रचनाकाराने किती पुढपर्यंत विचार केला होता ते अशा पट्ट्यांवरून कळतं.

ही कल्पना पी-१८०ची स्वतःची नाही, हेही सांगायला हवं. ॲपलच्या २००३च्या पॉवर मॅक जी-५मध्ये चार वेगवेगळे उष्णता-विभाग आणि नऊ पंखे होते. पण ॲपलला मदरबोर्डापासून पंख्यापर्यंत सगळं स्वतःच्या मापाने घडवता येत होतं. पी-१८०ला बाजारात मिळणारा कुठलाही बोर्ड, कुठलाही एसएमपीएस, कुठलीही डिस्क आत घ्यायची होती, आणि तरी शिस्त मोडू द्यायची नव्हती. ठरलेल्या वृत्तात लिहिताना कवीचा कस लागतो, तो या अर्थाने.

आता पंख्यांकडे. पंख्याचं गणित विलक्षण आहे आणि ते समजलं की मोठ्या कॅबिनेटचा मोह का होतो ते उमगतं. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबलचा उतार माणसाच्या कानाला साधारण निम्म्यासारखा वाटतो. म्हणजे हवेत पन्नास टक्के तोटा सोसला की आवाजात त्याहून कितीतरी मोठा फायदा पदरात पडतो. हवेतला तोटा भरून काढायचा तर पंखा मोठा घ्यावा. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं क्षेत्रफळ ८०वाल्याच्या सव्वादोन पट असतं. शिवाय सावकाश फिरणाऱ्या मोठ्या पंख्याचा जो थोडा आवाज उरतो तो खर्जातला, वाऱ्यासारखा असतो. ८० मिलिमीटरच्या पंख्याची किरकिरी शिट्टी त्यात नसते. कानाला टोचतो तो बहुतेक वेळा स्वर. झुळूक टोचत नाही. चिन यांच्या कसोटीत ‘कसा’ला एवढं महत्त्व का होतं ते इथे लक्षात येतं.

पी-१८०मध्ये १२० मिलिमीटरचे तीन पंखे कंपनीकडूनच बसवून येत: एक पाठीला, एक छताला, एक खालच्या कप्प्यात. प्रत्येकाच्या तारेला तीन वेगांचं छोटं बटण, मिनिटाला १२००, १६०० आणि २००० फेऱ्यांचं. वरच्या वेगांबद्दल न बोललेलं बरं. ते २००५च्या गेमरला दिलेलं आश्वासन आहे. पण १२०० हा सुद्धा शांत माणसाचा वेग नव्हे. खरी मजा ८००च्या आसपास येते. १२००वरून ८००वर उतरलं की गणिताने जवळपास ९ डेसिबल कमी होतात. ज्यांनी पी-१८० मनापासून वापरलं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी हे पंखे काढून सावकाश फिरणारे दुसरे लावले. त्यात कॅबिनेटचा कमीपणा नाही. हवेची वाट एवढी मोकळी होती म्हणूनच ८०० फेऱ्यांत भागत होतं. रुंदीचाही इथे उपयोग झाला. साइद कंपनीचा ‘निंजा’ हा पंधरा सेंटिमीटर उंचीचा हीटसिंक त्याच वर्षी आला आणि या पोटात सहज मावला. पाठीचा पंखा त्याच्या इतका जवळ येई की बेताच्या प्रोसेसरला वेगळा पंखा लावलाच नाही तरी चाले. एक पंखा वगळणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा शांततेचा उपाय आहे.

मग पत्रा. या कॅबिनेटचा सांगाडा ०.८ मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याचा, आणि बाजूची पानं व दार तीन थरांचं: अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक. साध्या कॅबिनेटच्या बाजूवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहा. ‘टण्’ असा आवाज येतो आणि मागे त्याची शेपटी थरथरत राहते. पी-१८०च्या पानावर तीच टकटक केली की नुसतं ‘ठप्’ होतं आणि संपतं. पान वाकू पाहतं तेव्हा दोन पत्र्यांमधला मऊ थर घासला जातो आणि कंपनाची ताकद तिथे उष्णता होऊन विरते. ही करामत दिसत नाही, फोटोत येत नाही, जाहिरातीत तिचं चित्र काढता येत नाही. बोटालाच कळते.

हे एवढं कशासाठी, तर हार्ड डिस्कसाठी. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. त्या काळातली प्रत्येक डिस्क १२० हर्ट्झचा एक स्वर सतत धरून बसलेली असे. पेटीच्या भाषेत काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे. डिस्क हातात धरली तर हा स्वर जेमतेम ऐकू येतो, हाताला मात्र झिणझिण्या येतात. तीच डिस्क पत्र्याला घट्ट आवळा, आणि खोली भरून जाते. तंबोऱ्याच्या तारेचं असंच असतं. तार बिचारी बारीक बोलते, घुमतो तो भोपळा. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जे साधायचं ठरवलं, त्याच्या नेमकं उलट इथे साधायचं आहे: तार आणि भोपळा यांची गाठच पडू द्यायची नाही. दोन डिस्का असल्या तर दुखणं आणखी चमत्कारिक होतं. दोघींचा वेग अगदी तंतोतंत जुळत नाही. एकीचे ७२००, दुसरीचे ७१८८ फेरे असले तरी दर पाच सेकंदांनी आवाज फुगतो आणि ओसरतो. सलग आवाजाची सवय होते, हेलकावणाऱ्याची होत नाही. रात्री लिहीत बसलेल्या माणसाला या लाटा वेड लावतात.

पी-१८०मध्ये डिस्क पत्र्याला टेकतच नाही. ती सिलिकॉनच्या जाड, मऊ बुशांवर बसते आणि बुशांमधून लांब मानेचे स्क्रू जातात. इथे हाताची कसोटी लागते. सवयीने स्क्रू कचकचून पिळला की सिलिकॉन दाबलं जाऊन टणक होतं आणि त्याचा मऊपणा, म्हणजे ज्यासाठी ते तिथे आहे ती गोष्टच, संपते. स्क्रू लागला असं वाटलं की तिथे थांबायचं. डिस्क बोटाने हलवली तर किंचित डुलली पाहिजे. पेचकस हातात घेतला की शेवटच्या आट्यापर्यंत पिळायचा हा आपल्या मेकॅनिकांचा बाणा. त्यांना हे डुलणं बघवत नाही. पण ते डुललं नाही तर १४ किलोंचा पत्रा पुन्हा बोलू लागतो.

दाराबद्दल थोडक्यात. ते दुहेरी बिजागरीवर २७० अंश फिरून बाजूला जाऊन टेकतं, त्यामुळे वाटेत येत नाही. मागे दोन छोट्या जाळीदार झडपा आणि त्यांच्या आत धुता येणारे फिल्टर. हवा समोरून सरळ आत जात नाही. दाराच्या कडांमधून शिरून वळते. आवाजालाही बाहेर पडताना तेच वळण घ्यावं लागतं, आणि उंच स्वरांना वळणं झेपत नाहीत. समोर बसलेल्याला फरक लगेच कळतो. किंमत म्हणून हवेला थोडा अडथळा होतो. २००५च्या उष्णतेला तो परवडत होता.

आता दोषांकडे येतो, कारण नुसती वाहवा म्हणजे रसग्रहण नव्हे. पहिला आणि सर्वांत त्रासाचा दोष तारांचा. एसएमपीएस तळाला नेला खरा, पण त्या वेळच्या एसएमपीएसच्या तारा वरच्या जागेच्या मापाने कापलेल्या होत्या. मदरबोर्डची मोठी पिन वर उजवीकडे, प्रोसेसरची वीज वर डावीकडे कोपऱ्यात; तळापासून तिथपर्यंत तार पोचता पोचता ताणून वीणेच्या तारेसारखी होई किंवा पोचतच नसे. मग एक्स्टेन्शन आणा. बोर्डाच्या मागून तारा न्याव्यात तर तिथे तशी वाटच केलेली नव्हती. त्यामुळे एवढ्या विचाराने मोकळी ठेवलेली हवेची वाट मालकाच्या हातानेच तारांच्या जंजाळाने अडायची. लांबट एसएमपीएस घेतला तर तो मधल्या पंख्याला आडवा यायचा आणि पंखाच काढावा लागायचा. घर बदललं पण सामान जुन्या घराच्या मापाचं, अशी ही गत. अँटेकने २००७च्या पी-१८२मध्ये बोर्डामागून तारांना वाट दिली आणि पंख्यांची बटणं मागच्या बाजूने बाहेर काढली. आधी वेग बदलायचा तर पान उघडून तारेच्या टोकाला लोंबणारं बटण शोधावं लागे. दुसऱ्या आवृत्तीत चुका दुरुस्त करणारा लेखक मला आवडतो.

दुसरा दोष छताचा, आणि इथे माझं मत ठाम आहे: ते भोक नको होतं. बाजू बंद, दार बंद, पत्रा तीन थरांचा, आणि डोक्यावर १२० मिलिमीटरचं उघडं तोंड. कॅबिनेट टेबलाखाली असलं की हे तोंड सरळ माणसाच्या कानाकडे वळलेलं असतं. वर लावायला प्लॅस्टिकची एक झाप दिली होती, आवाज मागे वळवायला. ती दिसायला विजोड आणि कामाला बेताची. पाठीचा पंखा आणि चांगला हीटसिंक असेल तर छताचा पंखा काढून तिथे जाड पुठ्ठा किंवा रबराची चकती बसवावी. तापमान दोन-चार अंश वाढलं तर वाढू द्यावं. आपल्याकडे तर हे करावंच, कारण छताच्या भोकातून आवाज वर जातो तशी धूळ खाली येते.

आपल्याकडच्या हवेची गोष्ट निघालीच आहे तर एक हिशेब मांडतो. चिन यांचं व्हँकुव्हर थंड गाव. खोलीत २१ अंश धरले आणि प्रोसेसरला ७० पर्यंत जाऊ द्यायचं ठरवलं, तर हातात ४९ अंशांचा फरक आहे. मे महिन्यात पुण्यात किंवा नागपुरात दुपारी बंद खोलीत ३६ अंश सहज असतात. मग उरतात ३४. तेवढीच उष्णता बाहेर टाकायला ढोबळमानाने हवा जवळपास दीडपट लागते, आणि पंख्यांचा आवाज सुमारे ८ डेसिबलने वर जातो. म्हणजे व्हँकुव्हरमध्ये ऐकू न येणारं यंत्र नागपुरात ऐकू येतं. त्यात यंत्राचा दोष नसतो. गंमत अशी की त्याच दुपारी डोक्यावर खोलीचा पंखा पाचवर असतो आणि त्याच्या घरघरीत कॅबिनेटचे हे ८ डेसिबल बुडून जातात. आपल्याला शांत संगणक लागतो तो रात्री, थंडीत, आणि घरी बसून गाणं, पुस्तकवाचन किंवा पॉडकास्ट रेकॉर्ड करणाऱ्यांना. माइक कानापेक्षा निर्दय असतो. खोलीचा पंखा बंद करून माइक उघडला की खोलीतलं सगळं खरं बाहेर येतं.

धुळीचा मुद्दाही याच पोटातला. फिल्टर गुदमरला की हवा कमी, तापमान जास्त, पंखा वेगात. ज्या गल्लीत बांधकाम चालू आहे तिथे पंधरवड्यातून एकदा फिल्टर नळाखाली धरावा लागतो. पी-१८०मध्ये त्यासाठी दार उघडा, झडप उघडा, मग फिल्टर काढा. दोन मिनिटांचं काम आहे, पण दोन मिनिटांची कामंच माणूस टाळतो.

आज या कॅबिनेटला काय म्हणावं? त्याचा निम्मा मजकूर काळाने गाळून टाकला. डिस्कांच्या जागी एसएसडी आल्या. त्या फिरत नाहीत, म्हणून गुणगुणतही नाहीत. सिलिकॉनचे बुश, चार डिस्कांचा पिंजरा, १२० हर्ट्झशी झालेली ती सगळी लढाई आता इतिहासजमा आहे, आणि ज्यांच्याकडे फोटो-व्हिडिओंचा साठा मोठ्या डिस्कांवर असतो त्यांच्यापुरतीच उरली आहे. उष्णतेचा राजाही बदलला. २००५ची भारी ग्राफिक्स कार्डं शंभर वॅटच्या आतबाहेर होती. २०२२चं आरटीएक्स ४०९० एकटं ४५० वॅट घेतं. तेवढी उष्णता बंद दाराच्या कडांमधून येणाऱ्या हवेने निघत नाही. आत कोंडली की कार्डाचे स्वतःचे पंखे किंचाळू लागतात आणि तीन थरांचं पान त्यांना अडवू शकत नाही. अशा यंत्राला समोरून संपूर्ण जाळीचं कॅबिनेट आणि १४० मिलिमीटरचे सावकाश पंखे जास्त शांत ठेवतात. बंद पेटी म्हणजे शांत पेटी असं मानणाऱ्यांना हे पटत नाही, पण ते पी-१८०च्याच शिकवणीत बसतं: आधी हवा, मग अस्तर.

उरलेला निम्मा मजकूर मात्र इतका रुजला की आता कुणाचा म्हणून ओळखूही येत नाही. एसएमपीएस तळाला, त्याला स्वतंत्र हवा, त्याच्यावर झाकण, बोर्डामागून तारा. आजचं साधं कॅबिनेटही असंच असतं. शांत कॅबिनेटांची गादी पुढे स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनने डिफाइन मालिकेतून चालवली. त्यातलं २०२०चं डिफाइन ७ एक्सएल तर सोळा किलोंच्या वर जातं आणि सोबत छताची दोन झाकणं देतं, एक बंद आणि एक जाळीचं. हवं ते लावा. पी-१८०च्या छताबद्दलची तक्रार पंधरा वर्षांनी का होईना, कुणीतरी ऐकली.

माझा कौल असा. रचना म्हणून पी-१८० पहिल्या प्रतीचं, जोडणीला दुसऱ्या प्रतीचं, आणि आजच्या दांडग्या ग्राफिक्स कार्डासाठी बाद. लिहिणं, हिशेब, गाणं ऐकणं, रेकॉर्डिंग, फोटो सांभाळणं एवढंच तुमचं काम असेल आणि जुन्या बाजारात सुस्थितीतलं पी-१८० किंवा पी-१८२ दिसलं, तर घ्या. बुश कडक झाले नाहीत ना ते बोटाने दाबून पाहा, पंखे नवे घाला, छताचं भोक बंद करा. आणि ते घरी आणायला सोबत एक धडधाकट माणूस न्या.